एर्सिलियामावशीचा सरवा

माझ्या मुलानं द्राक्षबागेला कुंपण घातलं, याचा मला राग नाही. कुंपण मीही घातलेलं आहे. आमच्या तासगाव तालुक्यात बागेत रानडुकरं शिरतात, पिकत्या घडांवर माणसांचाही डोळा असतो, आणि कष्टाचं राखावंच लागतं. राग याचा आहे, की त्या कुंपणाच्या आतून ज्या बाईला पोलिसानं दंडाला धरून बाहेर काढलं, तिचं नाव माझ्या मुलाला पुढं वर्षभर माहीत नव्हतं.

तिचं नाव एर्सिलिया. वय ऐंशीच्या पुढं. कॅलिफोर्नियातल्या सान रेमिजिओ नावाच्या लहानशा गावात ती जन्मली, आणि ज्या खोलीत जन्मली तिथं आता माझ्या मुलाचा कॉम्प्युटर ठेवलेला आहे.

शंतनू, माझा मुलगा, सांता क्लाराला नोकरीला. २००४ साली त्यानं आणि सुनेनं, रेणूनं, त्या गावात एक जुनं लाकडी घर घेतलं. घरामागं तीन एकर द्राक्षं. आठवडाभर सांता क्लारा, शनिवार-रविवार सान रेमिजिओ. गाडीनं अडीच तासांचं अंतर. मला फोनवर म्हणाला, "अण्णा, आपण परत बागायतदार झालो." ऐकून माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू. पुढच्या वर्षी ऑगस्टात मी त्याच्याकडे गेलो. आमच्या बागेची ऑक्टोबरातली, फळ धरायची गोडी छाटणी भावावर सोपवली आणि विमानात बसलो. सांता क्लाराच्या फ्लॅटमध्ये मला चार दिवसांत गुदमरल्यासारखं झालं. रेणूच नवऱ्याला म्हणाली, "अरे, अण्णांना तिकडे बागेवरच राहू दे. मी वर्क फ्रॉम होम घेते, मीही जाते त्यांच्याबरोबर." पोरगी नागपूरची, बोलायला मोकळी. असे आम्ही दोघं सान रेमिजिओला राहायला लागलो.

गाव म्हणजे एक लांब रस्ता. दोन्ही अंगांना अक्रोडाची झाडं, एका टोकाला दगडी चर्च, दुसऱ्या टोकाला ओढा. मधोमध गावच्या मंडळाची बैठी इमारत. इटलीच्या डोंगरातून खाणीवर दगड फोडायला आलेल्या माणसांनी ते मंडळ काढलेलं. कुणी अंथरुणाला खिळला तर त्याची चूल पेटती ठेवायची, आणि कुणी मेला तर त्याला नीट पुरून त्याच्या नावानं गावजेवण घालायचं, एवढंच मंडळाचं काम. दगड फोडून उरलेल्या वेळात त्या माणसांनी टेकड्यांवर द्राक्ष लावलं. पूर्वी रस्त्यावर किराणा होता, लोहार होता, लाकडी पिंपं दुरुस्त करणारा होता. आता त्या सगळ्या जागी वाइन चाखायची दुकानं आहेत. शनिवारी गाड्यांची रांग लागते. माणसं घोट घेतात, तोंडात खुळखुळवतात, भांड्यात थुंकतात आणि वासावर बोलत राहतात. ही वेल कुणी लावली, असं विचारणारा एकही माणूस मला त्यांत भेटला नाही.

आमच्याकडे द्राक्षाला मांडव लागतो, तारा लागतात. तिथल्या जुन्या बागेत तसलं काही नाही. एकेक वेल कमरेएवढ्या उंच, जाड खोडावर आपल्या पायांनी उभी. लांबून बघावं तर वाटतं, टेकडीवर म्हाताऱ्या बायका कमरेवर हात ठेवून उन्हात बोलत उभ्या आहेत. मी रोज सकाळी त्या ओळींतून फिरायचो आणि मग गावात उतरायचो. मंडळाच्या आवारात म्हातारे लाकडी चेंडू लोळवण्याचा खेळ खेळायचे. माझी पांढरी टोपी बघून हात वर करायचे. मीही करायचो. माझं इंग्रजी कामापुरतं, पण हात वर करायला ते लागत नाही.

एर्सिलिया ओढ्याकाठच्या घरात राहायची. पायरीवर बसून टोमॅटो सोलत होती तेव्हा तिनंच मला हाक मारली.

"टेकडीवरच्या घरात राहतोस ना तू?"

मी हो म्हणालो. माझ्या मुलाचं घर आहे, असंही म्हणालो, जरा ताठ मानेनंच. तिनं माझे हात बघितले. "तू शेतकरी आहेस," ती म्हणाली. "मुलगा नाही." मग एक टोमॅटो सोलून माझ्या हातावर ठेवला. मी म्हणालो, या की कधी घरी. त्यावर ती म्हणाली, "मला तिथं बंदी आहे," आणि पुढचा टोमॅटो उचलला.

मला वाटलं, माझ्या इंग्रजीनं घोटाळा केला. संध्याकाळी रेणूला विचारलं. ती भाजी चिरत होती. सुरी तशीच धरून थांबली.

"अण्णा, मागच्या ऑक्टोबरमध्ये गेटचा अलार्म वाजला होता. शंतनू सांता क्लाराला होता, त्याने तिकडूनच पोलिसांना फोन केला. मग पोलिसांचा फोन आला की एक म्हातारी बाई टोपलं घेऊन बागेत होती, तिला बाहेर काढलंय, परत येऊ नको म्हणून सांगितलंय. बस, इतकंच. आम्हाला वाटलं कोणी तरी वेडी बाई असेल."

"द्राक्षं काढून झाली होती?"

"दोन-तीन आठवडे झाले होते काढून."

मी तेवढ्यावरच ओळखलं. तरी तिच्या तोंडून ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी गावाहून आणलेल्या बेदाण्याची पिशवी घेतली, रेणूला बरोबर घेतलं आणि ओढ्याकाठी गेलो.

एर्सिलियानं बेदाणा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि म्हणाली, "चांगलं ऊन आहे तुमच्याकडे." मग तिनं दार उघडलं. मी दारू पीत नाही म्हटल्यावर तिला वाईट वाटलं नाही. पाव कापला, त्यावर घरचा शिरका शिंपडला आणि पुढं ठेवला. गाव तिला झिया म्हणतं, म्हणजे आत्या, मावशी, काय वाटेल ते. रेणू पहिल्या दिवसापासून तिला सरळ मावशीच म्हणायला लागली आणि त्या बाईनं ते चालवून घेतलं.

तिच्या बापानं खाणीवरून परतताना संध्याकाळी टेकडीवर एकेक काडी लावत ती बाग केली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर राबली. आज गावात चाळिशी-पन्नाशीचं जे माणूस आहे, ते तिच्या हातचं जेवून वाढलेलं. नवरा अल्डो फळांचा ट्रक चालवायचा, तो पंचवीस वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. बाग भावाच्या वाट्याला गेली होती. भाऊ वारला, भावाच्या मुलांनी ती शंतनूला विकली. विकण्याबद्दल तिची तक्रार नव्हती. "जमीन विकतात," ती म्हणाली. "सरवा विकत नाहीत."

शब्द माझा आहे. तिनं तिच्या बापाच्या बोलीतला शब्द सांगितला, तो माझ्या जिभेवर बसला नाही. पण गोष्ट तीच. द्राक्षाच्या वेलीवर मुख्य घडांच्या नंतर बगलफुटीवर, म्हणजे बाजूनं फुटलेल्या काड्यांवर, लहान घड येतात, तीन-चार आठवडे मागून पिकतात. तोडणीवाले ते हिरवे म्हणून सोडून देतात. सान रेमिजिओत रीत अशी, की तोडणी झाली की ते मागचे घड गावच्या विधवांचे. बाग कुणाचीही असो.

"म्हणजे मालकाला विचारायचं नाही?" रेणूनं विचारलं.

"काय विचारायचं? सूर्याला विचारतेस का, येऊ का बाहेर म्हणून?"

"पण नव्या मालकाला माहीत नसलं तर?"

"तर त्यानं विचारावं. माझं घर काही इटलीत नाही, ओढ्याकाठी आहे."

मी तिला सांगितलं, आमच्या रानात भुईमूग काढून झाला की खालच्या आळीतल्या बायका येतात, मातीत राहिलेल्या शेंगा वेचून नेतात, त्याला सरवा म्हणतात. तिनं तो शब्द दोनदा म्हणून बघितला. "सरवा. सरवा. बरा आहे." मग म्हणाली, अल्डो गेला त्या वर्षी तोडणी झाल्यावर बाकीच्या विधवा टोपली घेऊन तिला न्यायला दारात आल्या. "तोवर मी रडले नव्हते. त्या दारात उभ्या बघितल्या आणि कळलं."

विधवा मिळून त्या घडांची वाइन करायच्या, आणि ती दुसऱ्या कुठल्याच कामाला वापरत नसत. गावात मयत झालं की मंडळाच्या जेवणात तीच ठेवायची. श्रीमंत मरो, भिकारी मरो, टेबलावर विधवांची वाइन. एकेक करून बाकीच्या बायका गेल्या, एर्सिलिया एकटी उरली. तळघरात २००३ सालची थोडी शिल्लक होती. २००४ची झालीच नाही, पोलीस आडवा आला.

"ही संपेल या हिवाळ्यात," ती म्हणाली. "मग माझी पाळी येईल. माझ्या जेवणाला दुकानातली बाटली नको. माझ्या बापाच्या बागेतली पाहिजे. एवढंच पाहिजे. दुसरं काही नको मला तुझ्या मुलाकडून."

त्या शनिवारी शंतनू आला, आणि जेवायला बसण्याआधी मी विषय काढला.

"अण्णा, तुम्हाला इथलं माहीत नाही," तो म्हणाला. "इथे लायबिलिटी असते. ती बाई आपल्या जमिनीवर पडली, हाड मोडलं, की तिचा वकील मला कोर्टात खेचणार. इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न हाच विचारतो, फेन्स आहे का."

"ती वकील लावेल?"

"ती नाही तर तिचे पुतणे-भाचे लावतील. यू नेव्हर नो."

"विचारलंस तिला?"

"अण्णा, मी मीटिंगमध्ये होतो, अलार्म आला, मी फोन केला. मला काय माहीत आत कोण आहे? विदाऊट परमिशन आत शिरलं की झालं."

"नाव काय तिचं?"

त्यानं रेणूकडे बघितलं.

"आपल्या रानात शेंगांच्या सरव्याला बायका यायच्या. तू लहानपणी त्यांच्या मागं मागं हिंडायचास. त्यांतली कुणी पडली असती तर?"

"तर तुम्ही दवाखान्यात नेलं असतं. इथे तसं चालत नाही ना."

"चालवून बघितलंय कोणी?" रेणू ताटं मांडता मांडता म्हणाली.

शंतनूनं दोन्ही हात वर केले. "ओके, ओके. दोघं मिळून मला व्हिलन करू नका. मी सॉल्व्ह करतो. माझ्यावर सोडा."

मी सोडलं. मुलगा हुशार आहे, मोठमोठ्या कंपन्यांची अडलेली कामं सोडवतो, म्हणून सोडलं.

दसऱ्याला सांता क्लाराच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, त्यासाठी मला तिकडे नेलं. परत आलो तोवर तोडणी होऊन गेलेली. बागेत पाय टाकला आणि मी जागीच उभा राहिलो. वेलींवर एक मणी नव्हता. मुख्य घड तर नव्हतेच, पण बगलफुटीवरचे हिरवे, मुठीएवढे घडही खुडून नेलेले. पानं तेवढी होती, लाल पडत चाललेली. एखाद्या घरातलं सगळं सामान काढून नेल्यावर भिंती दिसाव्यात, तशा त्या वेली दिसत होत्या. आयुष्यभर बागा बघितल्या, गारपिटीनं झोडपलेल्या बघितल्या, पण इतकी पुसून घेतलेली बाग मी पाहिली नव्हती.

शंतनू मागून आला. खूश होता.

"कसं केलं बघा अण्णा. तोडणीच्या लोकांना एक्स्ट्रा दिले, म्हटलं ते मागचे घड पण काढा, वेगळ्या क्रेटमध्ये भरा आणि त्या बाईच्या घरी पोचवा. होम डिलिव्हरी. तिला आत यायला नको, पडायला नको. तिला द्राक्षं मिळाली, माझं टेन्शन गेलं. सगळे हॅपी."

मी ओळीत पडलेला एक मणी उचलून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं चावला आणि तोंड वाकडं केलं.

"आंबट आहे."

"तीन आठवडे राहिले होते त्याला."

"मग… वाइनमध्ये काही तरी घालता येत असेल ना? शुगर वगैरे?"

मी घराकडे वळलो. तोंडात जे आलं होतं, ते ओट्यावर उभ्या सुनेसमोर बोलायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. शंतनूचे मित्र सांता क्लाराहून आले होते. घराच्या लाकडी ओट्यावर मिसळ चालली होती, गप्पा, हसणं. तेवढ्यात रस्त्यावरून एका चाकाची ढकलगाडी आली. एर्सिलिया ती ढकलत होती. काळा झगा, डोक्याला काळा रुमाल, आणि गाडीत एकावर एक रचलेले क्रेट. ओढ्यापासून टेकडीपर्यंत चढ आहे. मी रिकाम्या हातानं चढलो तरी मला दम लागतो.

फाटक उघडं होतं. ती आत आली नाही. बाहेर रस्त्यावर थांबली आणि एकेक क्रेट उतरवून जमिनीवर ठेवायला लागली. शंतनू हसत हसत खाली गेला. मीही मागं गेलो.

"नो, नो, मॅडम, हे तुमच्यासाठी आहे. गिफ्ट."

"मी मागितलं नव्हतं."

"हो, पण तुम्हाला लागतात असं माझे वडील म्हणाले."

तिनं माझ्याकडे बघितलं. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती लाज माझी नव्हती, हे सांगायला माझ्याकडे भाषा नव्हती.

"हे कच्चं आहे," ती म्हणाली. "पण पिकलेलं असतं तरी परत आणलं असतं. पोलीस आला तेव्हा मला राग आला नाही. म्हटलं, नवा माणूस आहे, त्याला माहीत नाही. या वेळी तुला माहीत होतं. मी घेऊ नये म्हणून तू पैसे देऊन माझा वाटा दुसऱ्याकडून तोडून घेतलास, आणि मग तोच मला भीक म्हणून पाठवलास."

शेवटचा क्रेट ठेवला, रिकामी गाडी वळवली आणि ती उतारानं चालायला लागली. शंतनू तिच्यामागं दोन पावलं गेला आणि थांबला.

ओट्यावरून त्याचा मित्र यतीन म्हणाला, "शंतन्या, कस्टमर रिटर्न आला की रे." सगळे हसले.

मी वर गेलो. "यतीन, तुझ्या घरी शेत होतं का रे?"

"नाही काका, बाबा पोस्टात होते. आम्ही पुण्यातलेच."

"मग तू हस. तुला माफ आहे." मी शंतनूकडे वळलो. "तुझ्या घरी होतं."

शंतनूचा चेहरा उतरला होता, पण माघार घेण्याइतका नव्हता. "अण्णा, मी तिच्या चांगल्यासाठीच केलं ना? माणसं लावली, घरपोच दिलं. अजून काय करायचं होतं?"

"काहीच करायचं नव्हतं. सरवा देत नाहीत, शंतनू. सरवा राहतो. तो राहू द्यायचा, आणि आपला हात आखडून घ्यायचा. तुला एवढं एकच जमलं नाही, काही न करणं."

पुढचे काही दिवस आम्ही बाप-लेक मिठापुरतं बोललो. ते क्रेट रस्त्यावर तसेच पडून राहिले. गांधीलमाश्या घोंगावायच्या, शनिवारचे पाहुणे गाडीतून वाकून बघायचे. आम्ही आत घेतले नाहीत आणि तिनं नेले नाहीत. शेवटी रेणूनं ते ओढून खताच्या खड्ड्यात ओतले. मला म्हणाली, "अण्णा, माझ्याने रोज बघवत नाही."

नोव्हेंबरात पिंपं दुरुस्त करणारा म्हातारा वारला. मंडळाच्या इमारतीत त्याचं जेवण झालं. मी आणि रेणू गेलो. लांब टेबलं, पांढरी कापडं, आणि मधे मातीच्या सुरयांत एर्सिलियाची वाइन. म्हाताऱ्यांनी पेले उचलताना तिच्याकडे बघून मान लववली. जेवण निम्म्यावर आलं आणि सुरया संपल्या. तेव्हा कुणीतरी आतून दुकानच्या बाटल्या आणल्या. चकचकीत कागद लावलेल्या, त्यावर याच गावाच्या टेकडीचं चित्र. "ही पण चांगली आहे," कुणी तरी म्हणालं, आणि पेले पुन्हा भरले गेले. एर्सिलियानं आपला पेला पालथा घातला. एकानंही तिला विचारलं नाही, का म्हणून.

तेव्हा मला त्या गावाचाही राग आला. गावात आणखीही बागा होत्या. सगळ्यांना कुंपणं, सगळ्यांना अलार्म. विकणारे सगळे याच टेबलांवर बसलेल्यांचे मुलगे आणि पुतणे. एकानं खरेदीखत करताना घेणाऱ्याच्या कानावर घातलं असतं, की बाबा, मागचे घड विधवांचे असतात, तर काय बिघडलं असतं? भाव उतरेल, अशी भीती असणार. माझ्या मुलाला निदान माहीत नव्हतं म्हणायची सोय होती, पहिल्या वर्षापुरती. यांना तीही नव्हती. ज्या बाईनं यांना शाळेत वाढून घातलं, तिचा पेला पालथा पडला आणि हे चीज कापत राहिले.

फेब्रुवारीत मी परत निघालो. एर्सिलियाला भेटायला गेलो तेव्हा ती आजारातून उठली होती. उरलेला बेदाणा तिनं बरणीत घालून फळीवर ठेवला होता. मी फार बसलो नाही. मुलगा माझा, त्यामुळं बोलण्यासारखं काही नव्हतं.

घरी आलो. बाग निघाली, बेदाणा झाला, एप्रिलची छाटणी झाली. शंतनूचे फोन यायचे. तब्येत, हवा, रेणूची नवी नोकरी. बागेबद्दल तो बोलायचा नाही, मी विचारायचो नाही. मग ऑक्टोबर संपता संपता एका सकाळी फोन आला. त्याच्याकडे रात्र होती.

"अण्णा, ह्या वर्षी मी मागचे घड ठेवलेत."

"बरं."

"गेट काढून टाकलंय. अलार्म बंद केलाय. इन्शुरन्सवाल्याशी भांडलो, प्रीमियम वाढवला त्याने, वाढवू दे म्हटलं."

"बरं."

"ती येत नाही, अण्णा. घड पिकून सुकायला लागलेत. पक्षी खातायत. ती बेकरीत दिसते, चर्चला जाते. आपल्या रस्त्याला वळत नाही."

"रेणू काय म्हणते?"

"म्हणते, तू जा."

"मग जा की."

"जाऊन काय बोलू?"

"मला ठाऊक असतं तर मीच बोलून आलो असतो. गाडी नेऊ नकोस. पायी जा. आणि काही घेऊन जाऊ नकोस हातात."

तो गेला. नंतर मला सगळं सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात घाई नव्हती. तिनं त्याला पायरीवर उभं ठेवलं. तो म्हणाला, माझं चुकलं. ती म्हणाली, हो. मग त्यानं विचारलं, तुम्ही याल का?

"ये म्हटल्यावर मी येत नाही," ती म्हणाली. "तू बोलावलंस म्हणून आले, तर मी पाहुणी झाले. आणि तू दिसतोस तिथं सारखा. ओट्यावर उभा असतोस, खुर्ची टाकून बसतोस, वाट बघतोस. सरव्याच्या दिवसांत मालक दिसता कामा नये. माझा बाप त्या दिवसांत आत दारं लावून पत्ते खेळत बसायचा. मालकानं बघितलं की ते दान होतं. दान मला नको."

"अण्णा," शंतनूनं मला विचारलं, "आपल्याकडे पण असं होतं का?"

शेंगांच्या सरव्याला बायका आल्या की माझे वडील धोतर बदलून तासगावच्या बाजाराला निघून जायचे. दिवस मावळल्यावर परतायचे, बहुतेक वेळा मोकळ्या हातानं. आई कुरकुरायची, कामधंदा सोडून हिंडायला गेले म्हणून. मीही तेच समजत आलो होतो.

"होतं," मी म्हणालो.

माझा राग गेलेला नाही. त्या गावात अजून सगळ्या टेकड्यांना कुंपणं आहेत, दुकानांत अजून माणसं थुंकतायत, आणि एका बाईला आपल्या बापाच्या बागेत जायला दोन वर्षं बाहेर थांबावं लागलं, याची भरपाई कशानं होणार, मला माहीत नाही.

पण चार दिवसांनी पुन्हा फोन वाजला. शंतनूनं ऑफिसला रजा टाकली होती. आवाज इतका खाली, की मला आधी वाटलं तो आजारी आहे.

"अण्णा, आली वाटतं."

"वाटतं म्हणजे?"

"पानांचा आवाज येतोय. मी आत आहे. पडदे लावलेत सगळे."

"रेणू?"

"ही काय, शेजारी बसलीय. आम्ही पत्ते खेळतोय. मुंगूस. मला नीट येतसुद्धा नाही."

मागून रेणूचा दबका आवाज आला, "अरे, पान टाक ना तू."

"अण्णा, किती वेळ बसायचं असं?"

"ती जाईपर्यंत."

"आणि ती गेली हे कळणार कसं? बघायचं तर नाही ना."

"नाही कळणार," मी म्हणालो. "खेळत राहा."